आठशे पाच तऱ्हेचं कापड

पुडीआत्याला सगळी गल्ली पुडीआत्याच म्हणायची. एकतीस वर्षं तिने एकाच डॉक्टरांच्या दवाखान्यात लाकडी खिडकीमागे बसून औषधाच्या पुड्या बांधल्या. खलात गोळ्या कुटायच्या, कागदाच्या चौकोनांवर भुकटी सारखी वाटायची आणि घड्या घालून अशी पुडी करायची, की खिशात उलटीपालटी झाली तरी कणभर सांडू नये. पुढे चकचकीत पट्ट्यांमधल्या गोळ्या आल्या, तरी लहान मुलांना डॉक्टर पुड्याच देत. ज्या पोरांनी तोंडं वाकडी करून त्या गिळल्या, त्यांनीच तिला हे नाव दिलं. ती पोरं मोठी होऊन आपापली पोरं घेऊन आली, तरी नाव काही बदललं नाही.

मग डॉक्टरांचा हात थरथरायला लागला. सुई नीट टोचता येईना, तेव्हा त्यांनी स्वतःहूनच दवाखाना बंद केला. शेवटच्या दिवशी आत्याला म्हणाले, "तुला हवं ते घेऊन जा. मला यातलं काही लागणार नाही."

आत्याने दोनच गोष्टी आणल्या. रोग्यांच्या नोंदीसाठी छापून घेतलेल्या, कधीच न वापरलेल्या जाड कार्डांची दोन खोकी, आणि औषधांच्या खणात तळाशी अंथरलेलं मासिकाचं एक पान.

ते पान तिने कधीकाळी बाहेरच्या बाकावरच्या मासिकातून फाडून घेतलं होतं. त्यावर एका गोधडीचं चित्र होतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी सहाकोनी तुकड्यांची. शेजारी कृती दिली होती. कागदाचे सहाकोनी साचे कापायचे, प्रत्येकावर कापड दुमडून कच्चा दोरा घालायचा, मग हे कागद पोटात घेतलेले तुकडे काठाला काठ लावून बारीक टाक्यांनी जोडायचे. एखाद्या तुकड्याच्या सहाही बाजूंना शेजारी आले, की कच्चा दोरा ओढायचा आणि कागद काढून घ्यायचा. हे सगळं आत्याला जमण्यासारखं होतं; कागद आणि घडी यात तिचा हात कोण धरणार? पण खरं वेड लावलं होतं चित्राखालच्या एका ओळीने. 'या गोधडीत एकही कापड दोनदा वापरलेलं नाही.'

दवाखाना सुटल्यावर चौथ्याच दिवशी तिने पलंगाची लांबीरुंदी मोजली, हिशेब मांडला आणि बाहेरच्या खोलीत येऊन जाहीर केलं, "आठशे पाच."

"काय आठशे पाच?" वहिनींनी विचारलं.

"तुकडे. आडवे तेवीस, उभे पस्तीस. आणि एकासारखा दुसरा नाही."

वहिनी म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून या दोघी दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत एकमेकींना 'वहिनी' आणि 'वन्सं' म्हणत, अहोजाहो करत, रोज एकदा तरी भांडत राहत होत्या. आत्या काटकुळी, हळू बोलणारी, राखाडी नाहीतर फिकट निळा झगा घालणारी. वहिनी अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून. त्यांना कपडा हवा भडक नारिंगी, फुलं हवीत ताटाएवढी. दोघी बाहेर पडल्या की समोरचा चांभार म्हणे, "निघाली सावली आणि तिची दुपार!"

"आठशे पाच कापडं आणणार कुठून?" वहिनी म्हणाल्या. "जगात आहेत तरी का तेवढी?"

आत्या त्याच दुपारी बाजारात गेली. पहिल्या दुकानात तिने एका तलम निळ्या कापडाच्या ताग्यावर बोट ठेवलं आणि आपला पंजा पसरून दाखवला. "एवढंच द्या."

दुकानदाराने पंजाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, यात बाळाचं झबलंसुद्धा होणार नाही. करायचंय काय?"

"गोधडी."

"गोधडी? मग तीन मीटर कापतो."

"एकाचंच तीन मीटर घेतलं तर बाकीची आठशे चार ठेवू कुठे?"

दुकानदार हसला, पण पाव मीटरच्या खाली कात्री लावायला तयार होईना. आत्याने पाव मीटर घेतलं. अशी दहाबारा दुकानं झाल्यावर तिच्या लक्षात आलं की या चालीने घरात गोधडीआधी गोदाम उभं राहील. मग ती वेगळ्या वाटा शोधायला लागली. जुन्या पुलाखाली एक कट-पीसवाली बसे, तिच्या ढिगात आत्या कोपरापर्यंत हात घालून बसू लागली. पडद्यांच्या दुकानात जुनी झालेली नमुन्यांची पुस्तकं असत; एकेका पुस्तकात चाळीस-चाळीस तुकडे, पण बहुतेक जाडेभरडे, सुई मोडणारे. दोनतीन पातळ सापडले तरी आत्याला दिवस सार्थकी लागल्यासारखं वाटे. शहराच्या दुसऱ्या टोकाला शर्ट शिवणारा कारखाना होता. तिथली मुकादमबाई कतरणीचं पोतं तिच्यापुढे ओतून म्हणायची, "बसा चिवडत. हवं ते घ्या, उरलेलं परत भरून ठेवा." हाताला गुळगुळीत, निसरडं लागलं की आत्या ते बाजूला टाकी. इस्त्रीखाली आक्रसणारं कापड तिला नको होतं. सुती म्हणजे सुती.

घरी आल्यावर प्रत्येक कापडाची नखाएवढी चिंधी एका वहीत चिकटायची आणि तिच्यापुढे आकडा पडायचा. नवीन कापड आलं की आत्या वही उघडून आधीच्या सगळ्या चिंध्यांशी ताडून बघायची. एकदा एकाच छापाचं कापड वेगळ्या दुकानातून दुसऱ्यांदा आलं, तर ते तिने असं दूर ढकललं, जणू कुणी तिला चुकीचं औषध बांधायला सांगितलं होतं.

अशी सव्वा वर्षाने चारशे बारा कापडं झाली. तुकडे शिवून, इस्त्री करून, तिने एका सकाळी ते सगळे पलंगावर ओळीने मांडले आणि वहिनींना हाक मारली.

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात, डोळे बारीक.

"छान आहे हो," त्या म्हणाल्या. "पण सगळी एकाच रंगाची का केलीत?"

आत्याला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "एकाच? चारशे बारा आहेत ही! वेगवेगळी!"

"असतील. मी कुठे नाही म्हणतेय?" वहिनींनी खांदे उडवले. "मला तर नुसतं धुकं दिसतंय."

आत्याने तुकडे गोळा केले, डब्यात भरले, डबा पलंगाखाली सरकवला. पुढचे आठदहा दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. 'चहा झाला', 'दूध संपलं', 'कुलूप लावलं का'. वहिनींनी दोनदा विषय काढून पाहिला, पण आत्या ताकास तूर लागू देईना.

खरं म्हणजे ती वहिनींवर तेवढी रागावली नव्हती, जेवढी घाबरली होती. शेवटी एकदा वहिनी दळण आणायला खाली गेल्या असताना तिने दार लावून तुकडे पुन्हा मांडले, दारापाशी जाऊन उभी राहिली आणि चष्मा काढला.

धुकंच होतं. वहिनी खोटं बोलल्या नव्हत्या. फिकट निळं, फिकट राखाडी, दुधी पांढरं. त्यावर बारीक फुलं, बारीक ठिपके, बारीक रेघा. दुकानामागून दुकानं पालथी घालून तिने प्रत्येक वेळी आपल्या आवडीचंच उचललं होतं. चारशे बारा वेळा तिने जवळजवळ एकच कापड विकत आणलं होतं.

मग चष्मा लावला, चहा टाकला, आणि वहिनी धापा टाकत जिना चढून आल्यावर त्यांच्या हातात कप देत म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर बाजारात चला. तुम्ही निवडायचं. मी तोंड उघडणार नाही."

"अगदी?"

"अगदी."

"जमायचं नाही तुम्हाला," वहिनी म्हणाल्या, पण चेहरा कसा फुलला होता!

दुसऱ्या दिवशी कट-पीसवालीकडे वहिनी बसल्या त्या मांडी ठोकूनच. त्यांनी झेंडूच्या रंगाचं उचललं. हिरवंगार, त्यावर लाल छत्र्या, असलं उचललं. एकावर तर जांभळे बेडूक होते. आत्याने ओठ घट्ट मिटून पिशवी उघडी धरली. एका कापडावर पोपटी आणि गुलाबी चौकटी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. तेव्हा मात्र तिच्या घशातून बारीकसा आवाज निघालाच.

"काही म्हणालात?" वहिनींनी विचारलं.

"खोकला आला."

घरी येऊन आत्याने त्यातले सात तुकडे शिवले आणि आधीच्यांच्या मध्ये पेरले. काय झालं कोण जाणे, पण त्या बेडकांच्या शेजारी बसलेला फिकट निळा एकदम निळा दिसायला लागला. झेंडूशेजारचा राखाडी चांदीसारखा उजळला. आत्याने हात जोडले नाहीत एवढंच. मग दर मंगळवारी दोघी एकत्र निघू लागल्या, आणि दर मंगळवारी आत्याला तितका खोकला येईनासा झाला.

सहाव्या की सातव्या मंगळवारी एका मोठ्या दुकानात वहिनी म्हणाल्या, "एक काळं हवं. ते काढा बरं, वरचं काळं."

पोऱ्याला नाही, खुद्द मालकिणीलाच त्यांनी सांगितलं होतं. ती म्हणाली, "काळं? ते तर निळं आहे, बाई. शाईचा निळा."

"काहीतरीच! काळं ढोण आहे."

आत्या पिशवीची गाठ मारत होती, ती थांबली. तिने शेजारचा तागा ओढून वहिनींपुढे धरला. "हा कुठला रंग?"

"तपकिरी."

तो जांभळा होता. आत्याने आणखी एक धरला. वहिनींनी मान तिरकी केली, कापड खिडकीकडे नेलं, बोटांनी चाचपलं. ही मान तिरकी करायची सवय आत्या किती दिवसांपासून पाहत होती! दिव्याभोवती कडी दिसतात म्हणून कुरकुर, पायरी चढताना कठड्याला धरलेला हात, चहात साखर समजून मीठ. आणि हे भडक नारिंगी, पिवळे, लाल. तेवढेच त्या डोळ्यांपर्यंत पोचत होते.

एकतीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला घरातल्या बाईचा मोतीबिंदू दिसला नव्हता. आत्याचा हात खाली आला. त्या दिवशी त्यांनी कापड न घेताच घर गाठलं.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," वहिनींनी बसमध्येच जाहीर केलं. "आपल्या खिडकीतून समोरच्यांच्या गॅलरीतलं मांजर मला रोज दिसतं."

"वहिनी, ती कुंडी आहे."

वहिनी घरी पोचेपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, एकेक करून काढू, त्याच दिवशी घरी जाता येईल. वहिनींनी तिथे मान डोलावली आणि घरी येऊन साफ नाही म्हणाल्या. आत्याने समजावलं, दटावलं, शेजारच्या बिऱ्हाडातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना आणून त्यांचा नवा डोळा दाखवला. उपयोग शून्य. आठवडाभराने, भांडी विसळता विसळता, वहिनी पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुमच्या भावालाही त्याच दिवशी सोडणार होते."

भाऊ पोटाच्या साध्या दुखण्यासाठी इस्पितळात गेला होता. जाताना वहिनींना म्हणाला होता, जेवायला थांब, येतोच. हे एकोणीस वर्षांत दोघी कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या.

तिने 'तसं काही होणार नाही' म्हटलं नाही. दवाखान्यात तिने हे वाक्य फार वेळा ऐकलं होतं, आणि त्याने कुणाला धीर आलेला तिने पाहिला नव्हता. तिने फडकं घेतलं आणि वहिनींनी विसळलेली भांडी पुसायला लागली. शेवटचं पातेलं पालथं घातल्यावर म्हणाली, "मी दारापाशी बसेन. दाराबाहेर नाही, दारापाशी. तुम्ही आतून हाक मारलीत तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. हे त्यांच्याकडून कबूल करून घेते, मगच तारीख ठरवू."

आणि तिने कबूल करून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी आधी नियम सांगितले, पण या काटकुळ्या बाईने इतक्या हळू आवाजात, इतक्या वेळा तेच म्हटलं, की त्यांनी दारालगत एक स्टूल ठेवून दिलं. त्या सकाळी आत्या त्या स्टुलावर बसली, मांडीवर डबा, हातात सुई. आत काचेवर काहीतरी वाजलं की टाका वाकडा पडे. चार तुकडे शिवून झाले, आणि चारही नंतर तिला उसवावे लागले. पाचवा हातात असताना आतून वहिनींचा आवाज आला, "वन्सं, आहात का?"

"आहे हो!"

"झालं म्हणतात. काही कळलंसुद्धा नाही. उगीच लोक घाबरतात."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डोळ्यावरची पट्टी निघाली. घरात पाऊल टाकताच वहिनी उंबऱ्यातच थबकल्या. "ही भिंत निळी कधी केली?"

"आठ वर्षं झाली."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"रंग तुम्हीच पसंत केला होता."

वहिनी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, सगळ्या घरातून फिरल्या. आरशापाशी जाऊन "अगंबाई, ही म्हातारी कोण?" म्हणाल्या. आपला नारिंगी झगा हातभर लांब धरून पाहिला आणि आत्याकडे वळल्या. "हे घालून मी चारचौघांत जात होते? तुम्ही काही बोलला नाहीत?"

"दर वेळी बोलत होते. दर वेळी भांडण झालं."

मग त्या आतल्या खोलीत गेल्या. पलंगावर गोधडीचा जोडून झालेला भाग पसरला होता, अर्ध्याहून थोडा जास्त. वहिनी त्याच्या काठाशी बसल्या आणि किती तरी वेळ काही बोलल्याच नाहीत. त्यांच्यासारखी बाई गप्प बसली, म्हणून आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

वहिनी एकेका फिकट तुकड्यावर बोट ठेवत होत्या. "हा निळा वेगळा. हा वेगळा. यात हिरव्याची झाक आहे. हा तर औषधाच्या बाटलीचा निळा. आणि हा, हा पाहा, यावर पाखरं आहेत! इवलीशी! वन्सं, मी तुम्हाला धुकं म्हणाले होते."

"धुकंच होतं. मी चष्मा काढून पाहिलं होतं."

"पण हे सगळं होतं की त्यात."

"होतं. पण तुमच्या बेडकांवाचून मलाही नीट दिसलं नसतं," आत्या म्हणाली आणि घाईने आत गेली, कारण दूध उतू जायला आलं होतं. निदान तिने तसं सांगितलं.

दीड महिन्याने दुसरा डोळा झाला, आणि मंगळवारचे बाजार पुन्हा सुरू झाले. आता मोठीच गंमत झाली. वहिनी निळ्याच्या ढिगापुढे खिळून बसत. हा घेऊ की तो घेऊ करत अर्धा अर्धा तास घालवत. आणि आत्या, जिने जन्मात लाल कापड अंगाला लावलं नव्हतं, ती पलीकडून हाक मारी, "वहिनी, हे बघा, यावर कलिंगडाच्या फोडी आहेत!" वहिनी नाक मुरडत, "फारच भडक आहे हो!" आत्या ते पिशवीत टाकी.

सातशे नव्वदच्या पुढे मात्र गाडी अडली. दुकानांत नवीन काही येईना, कारखान्याचं पोतं तेच ते. एका मंगळवारी दोघी रिकाम्या हाताने परतत होत्या. बसमध्ये समोर एक रंगारी बसला होता. त्याच्या शर्टावर जहाजं होती, छोटी छोटी, प्रत्येकाच्या धुरांड्यातून धूर निघतोय अशी. आत्याने वहिनींना कोपराने ढोसलं. वहिनींनी आधीच पाहिलं होतं.

"अहो दादा," वहिनी अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हा शर्ट कुठे घेतलात?"

तो दचकला. "बायकोने शिवलाय."

"मग कापड उरलं असेल. आम्हाला एवढंसं विकत हवंय," आणि त्यांनी पंजा पसरून दाखवला. बिचाऱ्याला वाटलं आपली थट्टा चाललीये. पण आत्याने पिशवीतून एक शिवलेला तुकडा काढून दाखवला, तो उलटासुलटा करून त्याने टाके पाहिले, आणि पुढच्या मंगळवारी त्याची बायकोच एक गाठोडं घेऊन घरी आली. तिने तिघा मुलांचे कपडे स्वतः शिवले होते आणि एकही कतरण फेकली नव्हती. जहाजांचं कापड तर होतंच, वर न पाहिलेली आणखी अकरा निघाली. पैसे घ्यायला ती काही तयार होईना. मग आत्याने तिला सहाकोनी साचा कापायला, घडी घालायला शिकवलं, आणि जाताना ती साच्यांसाठी दवाखान्यातल्या कार्डांचं एक खोकं घेऊन गेली.

गोधडी पुरी व्हायला त्यानंतर सात महिने लागले. शेवटचे कागद निघाले, आत कापसाचा पातळ थर पडला, खाली अस्तर लागलं. तिन्ही थर धरून ठेवणारे टाके दोघींनी दोन बाजूंनी घालत आणले. वहिनींचे लांब आणि तिरपे, आत्याचे मुंगीच्या पावलांएवढे. कुणाचे कुठले हे आंधळ्यालाही कळावं.

पाहायला गल्लीतले सगळे येऊन गेले. रंगाऱ्याच्या बायकोने तर जिद्दीने एक दुपार गोधडीवर ओणवं होऊन घालवली, एकासारखी दोन कापडं सापडतात का बघायला. चहाच्या वेळी तिने मान वर केली. "आत्या, हे बघा हो."

काठाच्या जवळ करड्या रेघांचं एक कापड आणि त्याच्या बारा ओळी खाली तसंच दुसरं. एक कोरं, एक धुऊन विटलेलं, पण छाप तोच. आत्याने वही काढली, चिंध्या ताडल्या, भिंगाखाली धरल्या. तोच होता.

"मी उसवते," ती म्हणाली आणि कात्री शोधायला लागली.

वहिनींनी गोधडी सरळ गोळा करून छातीशी धरली. "हात लावून बघा! माझे अर्धे टाके आहेत यात."

"पण आठशे चारच झाली ना!"

"आठशे चार तर आठशे चार. जे मोजायला येतील त्यांना उत्तर द्यायला मी आहे."

आत्याच्या हाती कात्री लागली होती. रंगाऱ्याची बायको आपण कुठून तोंड उघडलं अशा चेहऱ्याने कपाकडे बघत होती. आत्याने तिच्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे, आणि कात्री टेबलावर ठेवून दिली. वही उघडून त्या चिंधीखाली तिने बारीक अक्षरात एवढंच लिहिलं, की हे कापड दोनदा. मग तिने रंगाऱ्याच्या बायकोचा कप पुन्हा भरला आणि तिच्या गोधडीचे किती तुकडे झाले ते विचारलं.

"सव्वीस," ती म्हणाली. "पण कापडं संपत आलीत."

"मंगळवारी ये," वहिनी म्हणाल्या. "सकाळी लवकर. उशीर केलास तर वन्सं थांबायच्या नाहीत."